झोआ मिटून राहिले, दगडांवर हिरवे केस: औषध टाकू की थांबू?

बेसा_रीफ

नमस्कार मंडळी. मी नागपूरला, बेसा भागात राहते. तीन फुटी खाऱ्या पाण्याचा टँक आहे, सम्प (खालची फिल्टरची टाकी) धरून साधारण १५० लिटर पाणी. दगड सगळा सिरॅमिकचा. कोरलमध्ये पाच-सहा रंगांचे झोआ (फुलासारख्या बारीक जिवांचे, म्हणजे पॉलिपचे, गुच्छ), मशरूम, एक लेदर आणि मागच्या काचेवर पसरलेले ग्रीन स्टार पॉलिप. दोन क्लाउन मासे, एक पेपरमिंट श्रिंप (छोटी कोळंबी) आणि थोड्या गोगलगायी. दिवाळीपासून होळीपर्यंत टँक इतका सुंदर होता की घरी येणारा माणूस चहा हातात घेऊन तिथंच उभा राहायचा.

एप्रिल लागला आणि दगडांवर हिरवे, मऊ केस यायला लागले. आता बोटभर लांब झालेत. ओढले की निघतात, आठवड्यात तिथंच परत. पण त्याहून जास्त काळजी झोआची आहे. आधी नारिंगी गुच्छ मिटला, मग त्याच्या शेजारचा हिरवा. नुसते मिटले नाहीत, पॉलिप कमी झाल्यासारखे वाटतात. मशरूमवर गंजाच्या रंगाचे बारीक, चपटे ठिपके आहेत, नीट पाहिलं तर सरकतात. रात्री टॉर्च मारला की दगडांवरून कोळंबीच्या पिल्लांसारखे काहीतरी सैरावैरा पळतात.

टेस्ट किट नायट्रेट शून्य दाखवतं, फॉस्फेट ०.०३. खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५. तापमान दुपारी ३० पर्यंत जातं. पाण्यावर पंखा लावलाय, खोलीत कूलर आहे. उडालेलं पाणी रोज घरच्या आरओच्या पाण्याने भरते, सध्या पाचेक लिटर लागतं.

एका दुकानदाराने बाटली सुचवली, म्हणाला अल्गी (शेवाळ) आणि कीड दोन्ही जाईल. भाऊ म्हणतो फ्लुकोनॅझोल टाक. हे झोआ मी दोन-दोन पॉलिपपासून वाढवलेत, त्यामुळे हात धजत नाही. पाण्याचे आकडे चांगले असताना अल्गी कशी काय येऊन राहिली तेही कळत नाही. इथल्या उन्हाळ्यात टँक सांभाळलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

नॅनोरीफ_पुणे

तीन दिवस लाइट पूर्ण बंद ठेवा, टँक चादरीने झाका. माझ्याकडे लाल शेवाळ यानेच गेलं होतं. खाणं निम्मं करा.

खारंपाणी_सदर

ताई, बाटली आज उघडू नका. तुमच्या पोस्टमध्ये तीन वेगवेगळी दुखणी आहेत, आणि चौथी गोष्ट तर दुखणंच नाही. सगळ्यांवर एकच औषध म्हणजे नेम न धरता गोळी झाडणं.

आधी दुखणं नाही ते. कोळंबीच्या पिल्लांसारखे पळणारे बहुतेक अॅम्फिपॉड आहेत. ते उरलेलं खाणं आणि कुजकं खातात, थोडी अल्गीही खातात. झोआ आधीच मरत असेल तर त्यावर ते जमतात, म्हणून लोकांना वाटतं यांनीच खाल्लं. त्यांना राहू द्या. बाटलीतल्या कीडनाशकाने सगळ्यात आधी तेच मरतील, आणि सोबत तुमची श्रिंपही. डासांचा स्प्रेही टँकच्या खोलीत मारू नका. त्यातलं पायरेथ्रॉइड कोळंबीवर्गातल्या सगळ्याच जीवांना घातक असतं.

आता झोआ. गुच्छ एकामागून एक मिटतोय आणि पॉलिप मोजायला कमी भरताहेत, म्हणजे कुणीतरी खातंय असं मी धरून चालतो. पाण्याचा त्रास असता तर सगळे गुच्छ साधारण एकाच वेळी रुसले असते, आणि मशरूम-लेदरनेही तोंड फिरवलं असतं. लाइट गेल्यावर तासा-दोन तासांनी लाल प्रकाशाचा टॉर्च घ्या. पांढऱ्या टॉर्चवर लाल जिलेटिन कागद गुंडाळला तरी चालतो. भिंग घेऊन त्या नारिंगी गुच्छापाशी बसा आणि घाई करू नका. दोन संशयित आहेत. पहिला झोआ खाणारा न्यूडिब्रँक, म्हणजे शंख नसलेली समुद्री गोगलगाय. तो ज्या रंगाचा झोआ खातो त्याच रंगाचा होतो आणि अंगावरच्या झुपक्यांमुळे अगदी मिटलेल्या पॉलिपसारखा दिसतो. दिवसा समोर असूनही सापडत नाही तो यामुळेच. देठांच्या मध्ये किंवा प्लगच्या (कोरल चिकटवलेल्या छोट्या चकतीच्या) खालच्या बाजूला पांढरी, गुंडाळी केलेल्या दोऱ्यासारखी अंडी दिसली तर शंका उरत नाही. दुसरा संशयित सनडायल गोगलगाय. शंख चपटा, शंकूसारखा, त्यावर तपकिरी-पांढऱ्या चौकटींची नक्षी. दिसायला इतकी देखणी की लोक तिला मुद्दाम ठेवतात. तीही झोआच खाते.

मशरूमवरचे गंजाच्या रंगाचे ठिपके चपटे कृमी आहेत, फ्लॅटवर्म. मागच्या टोकाला तीन बारीक शेपट्या दिसतात का पाहा. ते मशरूम खात नाहीत, पण थर साचला की प्रकाश अडतो आणि कोरल आकसतं. एअर-लाइनची बारीक नळी घेऊन रोज थोडे ओढून काढा. औषधाने एकदम मारू नका, कारण हजारोंनी एकाच वेळी मेले की त्यांच्या अंगातलं विष पाण्यात उतरतं आणि मासे जातात. कधी औषध वापरायची वेळ आलीच तर आधी हाताने शक्य तितके कमी करायचे, ताजा अॅक्टिव्हेटेड कार्बन आणि पाणी बदलायची तयारी ठेवायची, मगच.

आता हिरवे केस, आणि इथे मला जास्त बोलायचंय, कारण ही गोष्ट आपल्या गावाची आहे.

नायट्रेट शून्य म्हणजे पाणी स्वच्छ, असं नाही. पाण्यात जेवढं येतं तेवढं अल्गी त्याच दिवशी ओढून घेते, म्हणून किटला उरतच नाही. ते सगळं त्या बोटभर केसांत साठलंय. तेव्हा प्रश्न असा की रोज नवं कुठून येतं? खाण्यातून थोडं येतं, पण दोन क्लाउन किती खाणार. मला तुमच्या त्या पाच लिटरवर संशय आहे.

घरच्या बहुतेक आरओला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो. पाणी अगदीच बेचव लागू नये म्हणून तो मेम्ब्रेनमधून न गेलेलं थोडं पाणी परत मिसळतो. पिण्यासाठी ते ठीक, टँकसाठी नाही. उन्हाळ्यात बऱ्याच सोसायट्यांच्या टाकीत पेंच धरणाच्या पाण्यासोबत बोअरचंही पाणी चढतं, आणि बोअरच्या पाण्यात नायट्रेट असू शकतं. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातली मर्यादाच लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे पिण्यायोग्य पाणीही टँकच्या हिशोबाने भरपूर नायट्रेटचं असू शकतं. समजा तुमच्या आरओच्या पाण्यात फक्त १० मिलिग्रॅम आहे. रोज पाच लिटर म्हणजे ५० मिलिग्रॅम. १५० लिटरच्या टँकमध्ये ते महिन्याला १० पीपीएम (लिटरला १० मिलिग्रॅम) झालं. वाफ होताना नुसतं पाणी जातं, बाकी सगळं मागे राहतं. हिवाळ्यात तुम्हाला टॉप-अपला फार तर लिटर-दीड लिटर लागत असेल, म्हणून दिवाळी ते होळी सगळं छान होतं. आरओ तोच आहे, उन्हाळ्यात फक्त त्याचा डोस वाढला.

टीडीएस मीटर स्वस्त मिळतो, आजच आणा आणि आरओचं पाणी मोजून इथे आकडा टाका.

कूलरबद्दलही. पंखा पाण्यावरून वारा फिरवून दोन-तीन अंश तापमान उतरवतो ते बाष्पीभवनामुळे, आणि त्यासाठी हवा कोरडी हवी. आपली मे महिन्याची हवा तशी हाडं वाळवणारी, पण बंद खोलीत कूलर लावला की ती दमट होते आणि पंखा नुसताच फिरतो. कूलर दुसऱ्या खोलीत हलवा, किंवा टँकच्या बाजूची खिडकी उघडी ठेवून दमट हवेला वाट द्या. नवतप्याचे दिवस यायचेत. खोलीला एसी असेल तर दुपारी लावा, कोरलसाठी २६-२७ च्या आसपास राहिलं पाहिजे.

पुण्याच्या मित्रांनी सांगितलेला ब्लॅकआउट सायनोसाठी, म्हणजे लाल चिकट थरासाठी, कामाचा आहे. केसाळ अल्गी तीन दिवसांच्या अंधारात मरत नाही, आणि ज्यांना आधीच कुणी खातंय त्या झोआला उपाशी ठेवणं मला पटत नाही. लाइट बंद नको, आठ तासांवर आणा आणि पांढरा-लाल चॅनल कमी करा.

बेसा_रीफ

काका, इतक्या मनापासून लिहिलंत, खूप आभार.

काल रात्री बसले. नारिंगी गुच्छात एक पॉलिप चालला! मी ओरडलेच. नखाएवढाही नाही, अंगावर नारिंगी झुपके. प्लगच्या खाली पांढरी गुंडाळी दोन ठिकाणी सापडली. नारिंगी गुच्छ मामेभाऊ मार्चमध्ये मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेसने येताना थर्माकोलच्या डब्यात घेऊन आला होता, बहुतेक त्याच्यासोबतच आलं हे.

टीडीएस ८५! नळाचं (टाकीतलं) पाणी ४१०. तुम्ही म्हणालात तेच निघालं.

भिंगातून पाहताना आणखी एक दिसलं. झोआच्या मुळाशी पारदर्शक, तपकिरी छटेचं, लांब बाहूंचं छोटं फूल, बोट नेलं की झटक्यात आत. आयप्टेशिया ना, ती उपद्रवी छोटी अॅनिमोनी? श्रिंप तर आहे, मग ती का खात नाही? आणि चुना भरतात म्हणे यावर, तर पानठेल्यावरचा चुना चालेल का? घरी बाबांच्या खर्ऱ्याची ट्यूब आहे.

झोआसाठी आता नेमकं काय करू ते सांगा. माझ्याकडे पोविडोन आयोडीन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड दोन्ही आहे.

औषधवाला_इतवारी

ताई, माझं मेडिकल स्टोअर आहे आणि गोड्या पाण्याचा टँकही, म्हणून बाटल्यांपुरतं सांगतो.

पोविडोन आयोडीन घेताना साधं सोल्यूशन घ्या. सर्जिकल स्क्रब लिहिलेलं घेऊ नका, त्यात साबणासारखा फेस करणारा पदार्थ असतो. मलमही नको.

पेरॉक्साइड आपल्याकडे बहुतेक ६ टक्क्यांचं मिळतं, लेबलवर २० व्हॉल्यूम लिहिलेलं असतं. परदेशातले लोक लिहितात ते ३ टक्क्यांचं. त्यांचं माप वापरायचं असेल तर आपलं आधी तेवढंच पाणी घालून पातळ करा. उघडून फार दिवस झालेली बाटली वापरू नका, ताकद गेलेली असते.

फ्लुकोनॅझोल हे माणसांचं बुरशीवरचं औषध आहे आणि ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्यायचं. भाऊ म्हणतात म्हणून मागायला येऊ नका, मी देणार नाही.

खारंपाणी_सदर

इतवारीवाल्या भाऊंनी फार मोलाचं सांगितलं. ६ आणि ३ टक्क्यांच्या गोंधळात लोकांनी झोआ जाळलेत.

ताई, हात लावण्याआधी एक गोष्ट ऐका. झोआ आणि विशेषतः त्यांचे जवळचे नातेवाईक पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं. १९७१ मध्ये हवाईच्या पॅलिथोआमधून ते पहिल्यांदा वेगळं केलं गेलं. निसर्गातल्या अत्यंत जहाल विषांपैकी ते एक आहे. रबरी मोजे आणि डोळ्यांना चष्मा, दोन्ही हवेत. हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्याला द्या. झोआ असलेला दगड कधीही उकळत्या पाण्यात टाकायचा नाही, गरम पाण्याने धुवायचा नाही, सुका घासायचा नाही. उकळलेल्या दगडाच्या वाफेने घरातली सगळी माणसं दवाखान्यात गेल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत. घासणं पाण्याखाली करायचं, आणि कूलरच्या झोतात बसून तर मुळीच नाही. मुलं आणि मांजर दुसऱ्या खोलीत.

झोआचे सगळे गुच्छ टँकमधून काढा, जे उघडे आहेत तेही. न्यूडिब्रँक फक्त यांच्यावरच जगतो, त्यामुळे टँकमध्ये झोआच नसले की जे मागे राहिलं ते उपाशी मरतं. एक टब टँकच्याच पाण्याचा, त्यात पोविडोन आयोडीन फिक्या चहाचा रंग येईपर्यंत. दुसरा टब नुसत्या टँकच्या पाण्याचा. पहिल्यात दहा मिनिटं ठेवून मोठ्या सिरिंजने, सुई न लावता, देठांच्या मधून पाण्याचा जोर मारत राहा. न्यूडिब्रँक सुटून तळाला पडतात. मग दुसऱ्या टबात खळबळवायचं. हे पाणी टँकमध्ये परत जाता कामा नये.

आता महत्त्वाचं. या पाण्याने अंडी मरत नाहीत. कुठल्याच डिपने (औषधी पाण्यात बुडवण्याने) खात्रीने मरत नाहीत. ती पाण्याखाली धरून ब्लेडच्या टोकाने किंवा जुन्या टूथब्रशने खरवडून काढावी लागतात, आणि प्लग बदलता आला तर सगळ्यात उत्तम, जुना फेकून द्या. जी नजरेतून सुटली ती फुटतील, म्हणून दर पाच-सहा दिवसांनी पुन्हा डिप आणि पुन्हा भिंग. लागोपाठ काही फेऱ्यांत काहीच पडलं नाही की मगच निश्चिंत व्हायचं. लोक पहिल्या डिपनंतर तळाला पडलेले किडे पाहून खूश होतात आणि झोआ परत टँकमध्ये लावतात. पुढची पिढी तिथेच फुटते.

मधल्या काळात झोआ वीस-तीस लिटरच्या साध्या टँकमध्ये ठेवा, त्यात फिल्टर, पंप आणि जुना एलईडी पुरतो. पण छोटं पाणी लवकर तापतं, म्हणून घरातल्या सगळ्यात थंड खोलीत. हा टँक नंतरही मोडू नका. यापुढे मुंबई-चेन्नईहून जे काही येईल ते निदान महिनाभर आधी इथे राहील.

प्लगवर अल्गीचे केस असतील तर झोआ बाहेर असतानाच ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड छोट्या ब्रशने फक्त अल्गीवर लावा, पॉलिपला टाळून. मिनिटभर थांबून टँकच्या पाण्यात धुवा. बुडबुडे येतील, दोन-चार दिवसांत अल्गी पांढरी पडेल. टँकमध्ये पेरॉक्साइड ओतू नका, पेपरमिंट श्रिंपला ते सोसत नाही.

आता आयप्टेशिया. श्रिंप खाते, पण सगळ्याच खात नाहीत, आणि पोट भरलेली तर मुळीच नाही. तिचं खाणं थोडं कमी करून पाहा. चुना चालतो, तत्त्व बरोबर आहे, कॅल्शियम हायड्रॉक्साइडच आहे तो. पण बाबांच्या ट्यूबमधला नको, त्यात सुगंध किंवा आणखी काही मिसळलेलं असू शकतं. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची भुकटी मिळते. थोड्या आरओ पाण्यात घट्ट कालवा, सगळे पंप बंद करा, सिरिंजने हळूच तोंडावर थेंब सोडा, तिला ते गिळू द्या आणि वरून झाकून टाका. दहा-पंधरा मिनिटांनी पंप सुरू. एका दिवशी दोन-तीनच करा, नाहीतर पीएच उसळतो. चिमट्याने ओढू नका, तळाचा छोटा तुकडा जरी दगडाला राहिला तरी त्यातून नवी उगवते. तुमची झोआच्या मुळाशी आहे, म्हणजे झोआ बाहेर काढल्यावर टबातच हे काम उरकता येईल.

८५ टीडीएसचं काय करायचं: आरओ दुरुस्तीवाल्याला बोलवा आणि मेम्ब्रेनमधून निघणारी नळी, टीडीएस कंट्रोलरच्या आणि मिनरल कार्ट्रिजच्या आधी, टी-जोड लावून बाहेर काढायला सांगा. त्याच्यापुढे एक डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषणारं) कार्ट्रिज. मीटरवर शून्य आलं पाहिजे. एक-दोन आलं की रेझिन बदलायची वेळ झाली. मीठही याच पाण्यात कालवा आणि दर आठवड्याला दहा टक्के बदला. केस आधी हाताने, मुठीने काढा, सायफनची नळी शेजारी धरून, म्हणजे तुटलेले तुकडे पसरणार नाहीत. अल्गी काढली म्हणजे तिच्यात साठलेलं खतही टँकबाहेर गेलं, औषधाने मारली तर ते तिथेच कुजतं. यासाठीच मी हाताने काढायचा आग्रह धरतो.

नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणायच्या मागे मात्र लागू नका. दोन्ही अगदी संपले की डायनोफ्लॅजेलेट माजतात, तपकिरी शेंबडासारखे, बुडबुडे धरलेले, आणि ते या केसांपेक्षा फार वाईट. अल्गी कमी झाल्यावर किटवर नायट्रेट ५ च्या आसपास दिसायला लागलं तर घाबरू नका.

भाऊ_बेसा

फ्लुकोनॅझोल सुचवणारा भाऊ मीच. परदेशातल्या कित्येक लोकांचे टँक त्याने साफ झालेले मी पाहिलेत. मग ते इतकं वाईट आहे का?

खारंपाणी_सदर

वाईट नाही हो. ते ब्रायॉप्सिस नावाच्या अल्गीवर खरंच चालतं. भिंगातून पाहा: ब्रायॉप्सिसची प्रत्येक काडी पिसासारखी असते, मधे दांडा आणि दोन्ही बाजूंना बारीक फांद्या, आणि ओढली तर चिवट लागते. ताईंच्या वर्णनातले केस मऊ आहेत आणि सहज निघतात, म्हणून मला ते साधे केस वाटतात. व्हॅलोनियाच्या हिरव्या गोळ्यांवर किंवा लाल थरावर त्याचा उपयोग नाही. शिवाय ८५ टीडीएसचं पाणी रोज पडत राहिलं तर आज मेलेल्या अल्गीच्या जागी उद्या दुसरी येईल. आधी पाणी. त्यानंतरही पिसासारखं काही चिवटपणे उरलं तर त्याचा फोटो इथे टाका, तेव्हा बोलू.

आणि परदेशातल्या टँकबद्दल एक. तिथल्या सल्ल्यांतला मोठा भाग अॅक्रोपोरा या हार्ड (दगडी सांगाड्याच्या) कोरलवरच्या रेड बग किड्याबद्दल आणि अॅक्रो खाणाऱ्या फ्लॅटवर्मबद्दल असतो. ते वाचून आपल्या टँकमध्ये ते शोधत बसू नका. हार्ड कोरल सगळे आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, २००१ पासून. जिवंत असोत की वाळलेले सांगाडे, घरात ठेवायचे नाहीत. कुणी मुंबईहून स्वस्तात देतो म्हणाला तरी नाही. तुमच्या ताईंनी सिरॅमिकचा दगड आणि झोआ-मशरूम निवडलेत, हे मला फार आवडलं.

बेसा_रीफ

काका, आरओवाला येऊन टी लावून गेला, मीटरवर शून्य! कूलर पुढच्या खोलीत नेला, दुपारी आता २८ च्या आत राहतं. केसांची सगळ्यात मोठी झुलपं हाताने काढली. परत येताहेत, पण विरळ. फ्लॅटवर्म नळीने काढते, मशरूम फुलायला लागलेत. झोआ बेडरूमच्या छोट्या टँकमध्ये. पहिल्या डिपला बरेच किडे पडले, दुसऱ्याला दोनच, यावेळी एकही नाही. हिरवा गुच्छ पूर्ण उघडलाय, नारिंगीचे मात्र थोडेच पॉलिप वाचले.

आता परत मोठ्या टँकमध्ये लावू का?

खारंपाणी_सदर

नाही, अजून नाही. एकही न पडलेली फेरी पहिलीच आहे, अशा आणखी दोन होऊ द्या. मोठा टँकही झोआशिवाय महिनाभर तरी रिकामा राहू द्या, तोवर नवतपाही उलटेल. परत लावताना आधी हिरव्याचा एकच छोटा तुकडा लावा, आणि लाल टॉर्च घेऊन आठवडाभर रात्री त्याच्यापाशी बसा. तो रोज उघडत राहिला की मग बाकीचे. नारिंगी सगळ्यात शेवटी.